चॉकलेटवाल्या घरातला गरिबीचा हिशेब

मैत्रिणींनो, किटकॅट कुणाला माहीत नाही? तालुक्याच्या गावातल्या किराणा दुकानातही गल्ल्याजवळ ते लाल वेष्टन दिसतंच. आपल्याकडे ते नेस्ले कंपनीचं म्हणून मिळतं. पण १९३५ साली, वेगळ्या नावाने, ते पहिल्यांदा बाजारात आलं ते इंग्लंडमधल्या यॉर्क शहरातल्या राउंट्री कंपनीच्या कारखान्यातून. त्या वेळी कंपनीचे अध्यक्ष होते सीबोम राउंट्री. आज त्यांच्याबद्दल लिहायचं कारण मात्र चॉकलेट नाही. रेशन कार्डाच्या रांगेत, ग्रामसभेत, दवाखान्याच्या खिडकीवर आपण जो दारिद्र्यरेषा हा शब्द उठता-बसता ऐकतो, त्या रेषेचा हिशेब घरखर्चाच्या वहीसारखा मांडून दाखवणारा हा माणूस.

मी बी.ए.ला होते तेव्हा अर्थशास्त्राच्या पुस्तकात राउंट्रींचं नाव एका ओळीत येऊन गेलं होतं. गेली बरीच वर्षं मी बचत गटांचं आणि वस्तीतल्या बायकांचे अर्ज भरून देण्याचं काम करते आहे. त्यात एक तक्रार सतत कानावर येते. अमक्या घरात पैसा येतो हो, पण त्या बाईला भागवता येत नाही, म्हणून ते घर वर येत नाही. सासू असं म्हणते, नवरा असं म्हणतो, शेजारीण म्हणते आणि कधी कधी कागद तपासणारे साहेबसुद्धा म्हणतात. या बोलण्याला कुणी कधी आकड्यांनी उत्तर दिलं आहे का, हे शोधता शोधता मी पुन्हा राउंट्रींपाशी आले. उत्तर दिलं होतं, आणि तेही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, जगातल्या तेव्हाच्या सगळ्यात श्रीमंत देशांपैकी एका देशात.

सीबोम यांचा जन्म ७ जुलै १८७१ चा, यॉर्कमधला. आईचं माहेर जर्मनीतल्या हॅम्बुर्गचं. तिचं माहेरचं आडनाव सीबोम, तेच मुलाच्या नावात आलं. पूर्ण नाव बेंजामिन सीबोम राउंट्री, पण ओळखले गेले ते सीबोम म्हणूनच. घराणं क्वेकर पंथाचं. ख्रिस्ती लोकांतला हा एक छोटा पंथ. दारू नाही, भपका नाही, युद्धात भाग घ्यायचा नाही, शपथ घ्यायची नाही, खरं बोलायचं आणि साधं राहायचं. मोठ्या विद्यापीठांचे दरवाजे या लोकांना फार वर्षं बंद होते, म्हणून ते व्यापारात शिरले. लोकांनी दारूऐवजी कोको प्यावा असंही त्यांना वाटे. कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री हे इंग्लंडमधले चॉकलेटचे तिन्ही मोठे कारखाने क्वेकर घराण्यांचेच होते.

सीबोमचे वडील जोसेफ हेही मोठा माणूस. बटाट्याचं पीक सडून आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडला होता, तेव्हा १८५० साली चौदा वर्षांचे जोसेफ आपल्या वडिलांबरोबर तिथे गेले होते. तिथे जे पाहिलं ते ते जन्मभर विसरले नाहीत. गरिबाला भीक घालून भागत नाही, तो गरीब का झाला ते शोधायला हवं, ही शिकवण सीबोमना घरातच मिळाली.

मँचेस्टरच्या ओवेन्स कॉलेजात सीबोम रसायनशास्त्र शिकले आणि १८८९ मध्ये, वयाच्या अठराव्या वर्षी, कारखान्यात रुजू झाले. ही रसायनशास्त्राची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा उपयोग आहे. रविवारी ते प्रौढांच्या शाळेत शिकवायला जात. आठवडाभर राबणारे कामगार तिथे लिहायला-वाचायला येत. त्यांच्या घरी जाणं-येणं झालं, आणि शहराची मागची बाजू त्यांना दिसायला लागली. १८९५ साली न्यूकॅसल शहरातल्या झोपडवस्त्या पाहून तर ते हादरून गेले. १८९७ साली लिडिया पॉटर यांच्याशी त्यांचं लग्न झालं. पुढे चार मुलगे आणि एक मुलगी झाली. त्याच वर्षी ते कंपनीचे संचालकही झाले. पंचविशीतला तरुण, घरचा मोठा कारखाना, नवा संसार. या वयात माणसं बंगला बांधायला काढतात.

त्या सुमाराला चार्ल्स बूथ नावाच्या एका जहाजवाल्या व्यापाऱ्याने लंडनची पाहणी करून सांगितलं होतं, की तिथले सुमारे ३१ टक्के लोक गरीब आहेत. लोकांनी त्यावर मान डोलावली आणि म्हटलं, लंडनचं काय घेऊन बसलात, एवढं अवाढव्य शहर, तिथे गरिबी असणारच. सीबोमच्या मनात आलं, की आपलं यॉर्क तर तसं नाही. जुनं, मध्यम आकाराचं, मोठ्या चर्चचं, रेल्वेच्या कारखान्याचं शहर, वस्ती पाऊण लाखाच्या आसपास. इथे काय निघतं ते पाहू या.

१८९९ च्या शरद ऋतूत काम सुरू झालं. त्यांनी एक पगारी माणूस नेमला आणि तो घरोघरी फिरला, जोडीला वस्तीत जाणारे-येणारे इतर मदतनीस. कामगार राहतात ती ३८८ गल्ल्यांतली ११,५६० कुटुंबं त्यांनी नोंदवली. माणसं ४६,७५४, म्हणजे शहराच्या निम्म्याहून बरीच जास्त. घरात किती माणसं, खोल्या किती, कमावतं कोण, भाडं किती, पाण्याचा नळ किती घरांत मिळून एक, संडास किती घरांत मिळून एक. आपल्याकडे जनगणनेला किंवा सर्वेक्षणाला माणसं येतात तेव्हा विचारतात तेच सगळं.

यातली एक गंमत सांगते. या पाहणीतून वगळलेला जो वरचा वर्ग होता, त्याची व्याख्या काय होती? ज्याच्या घरी मोलकरीण आहे तो. पगार नाही, शिक्षण नाही, घरकाम करायला बाई ठेवता येते की नाही एवढ्यावर वर्ग ठरला! मला तर ही खूण आजही बरीचशी बरोबर वाटते.

आता मुख्य गोष्ट. गरीब म्हणजे कोण, हे ठरवायचं कसं? बूथनी ते बरंचसं पाहून, अंदाजाने ठरवलं होतं. राउंट्रींमधला रसायनशास्त्राचा विद्यार्थी इथे जागा झाला. अमेरिकेत ॲटवॉटर नावाच्या शास्त्रज्ञाने माणसाच्या शरीराला किती उष्मांक लागतात यावर प्रयोग केले होते. त्यांच्या आधारे राउंट्रींनी धरलं, की मध्यम मेहनतीचं काम करणाऱ्या पुरुषाला रोज साडेतीन हजार उष्मांक हवेत. मग ते अन्न कमीत कमी किती पैशांत मिळेल ते काढलं. त्यासाठी त्यांनी आधार घेतला वर्कहाऊसमधल्या जेवणाचा. वर्कहाऊस म्हणजे निराधारांना ठेवायची सरकारी जागा. तिथे जाणं म्हणजे अब्रू जाणं असं लोक समजत. राउंट्रींचा आहार त्या वर्कहाऊसपेक्षाही काटकसरीचा होता. ओटची पेज, पाव, साय काढलेलं दूध, बटाटे, चीज, वाटाण्याचा लगदा, कोको. खाटकाकडचं ताजं मांस नाही, फक्त थोडं खारवलेलं डुकराचं मांस, आणि तेही मोजून.

तेव्हाचं चलन सोपं करून सांगते. बारा पेनींचा एक शिलिंग, वीस शिलिंगांचा एक पौंड. नवरा, बायको आणि तीन मुलं असं घर धरलं. मोठ्या माणसाला आठवड्याचं अन्न ३ शिलिंग, मुलाला २ शिलिंग ३ पेनी. पाच जणांचे मिळून झाले १२ शिलिंग ९ पेनी. घरभाडं ४ शिलिंग. कपड्यांना मोठ्याला आठवड्याला ६ पेनी, मुलाला ५ पेनी, बूटचपला त्यातच. जळणाला १ शिलिंग १० पेनी. आणि बाकीचं सगळं, म्हणजे साबण, दिवाबत्ती, फुटलेलं भांडं, यासाठी माणशी २ पेनी. सगळी बेरीज २१ शिलिंग ८ पेनी. एवढे पैसे आठवड्याला येत नसतील तर त्या घरातल्या बाईने जीव काढला तरी माणसांच्या अंगात काम करण्यापुरतीही ताकद राहणार नाही. याला त्यांनी प्राथमिक दारिद्र्य म्हटलं.

हा हिशेब नीट वाचला तर अंगावर येतो. यात बसचं किंवा रेल्वेचं भाडं नाही. परगावी कामाला गेलेल्या मुलाला पत्र पाठवायचं तिकीट नाही. वर्तमानपत्र नाही. चर्चला द्यायचं नाणं नाही. आजारपणासाठी किंवा मरणासाठी भिशीत घालायचा पैसा नाही. घरधन्याला विडी-काडी नाही, पोरांना गोट्या-बाहुली नाही, बाईला हौसेची रिबीनसुद्धा नाही. कमावता माणूस एक दिवस जरी तापाने पडला तरी हिशेब बसला. हे सगळं राउंट्रींनी स्वतःच आपल्या पुस्तकात खडसावून लिहिलं. असं कुणी जगावं असं त्यांना मुळीच वाटत नव्हतं. रेषा इतकी खाली ओढण्यामागे त्यांचा हेतू वेगळा होता. हा उधळपट्टीचा हिशेब आहे असं म्हणायला कुणालाच जागा राहू नये.

आणि यॉर्कमध्ये साध्या मजुराला पूर्ण आठवडा राबून मिळत किती होते? १८ ते २१ शिलिंग.

म्हणजे दारूला शिवत नाही, रोज कामावर जातो, बायको पै-पै जपून वापरते, तरी ते घर रेषेखालीच. १९०१ साली हे पुस्तक छापून आलं आणि त्यात त्यांनी कारणांची फोड दिली. प्राथमिक दारिद्र्यात असलेल्या लोकांपैकी निम्म्याहून थोडे जास्त, सुमारे ५२ टक्के, मिळवता माणूस नियमित कामावर असूनही मजुरी कमी म्हणून गरीब होते. २२ टक्के मुलं जास्त म्हणून. जवळजवळ १६ टक्के घरचा कर्ता गेला म्हणून, म्हणजे विधवांची घरं. आजारपण, म्हातारपण सुमारे ५ टक्के. बेकारी आणि अनियमित काम मिळूनही जेमतेम तेवढंच. आळशी असतात, म्हणून गरीब असतात, ही समजूत या आकड्यांपुढे टिकत नव्हती.

पण माझ्या मनात घर करून राहिली ती त्या पुस्तकातली एक नोंद. राउंट्रींनी काही घरांतल्या बायकांना रोजचा जमाखर्च लिहून ठेवायला सांगितलं होतं. काय आणलं, किती आणलं, कोण काय जेवलं. मजुरांच्या घरांतलं अन्न शरीराच्या गरजेपेक्षा साधारण चौथ्या हिश्शाने कमी पडतं असं त्यातून निघालं. एका बाईला विचारलं, की जादा खर्च आला, समजा मुलाचे बूट घ्यायचे झाले, तर तू काय करतेस? तिने सांगितलं ते थोडक्यात असं, की त्या दिवशी ती आणि मुलं दुपारचं जेवण करत नाहीत, फार तर चहा आणि पावाचा तुकडा. नवऱ्याचा डबा मात्र नेहमीसारखाच भरला जातो. घरी काय झालं हे त्याला कळतही नाही, कारण ती सांगत नाही.

हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. यॉर्कमधली ही बाई मी रोज बघते. तिच्या अंगावर लुगडं नसून झगा होता एवढाच फरक. तिचं उपाशी राहणं कुठल्याच सरकारी कागदात कधी येत नाही, कारण घराच्या उत्पन्नात ते दिसत नाही. राउंट्रींनी ते निदान लिहून ठेवलं.

गरिबीचा शरीरावर होणारा परिणामही त्यांनी मोजला. सगळ्यात गरीब भागात हजार जन्मलेल्या बाळांतली २४७ एक वर्षाच्या आत जात. मोलकरीण ठेवणाऱ्या घरांत ९४. तेरा वर्षांचा गरीब घरातला मुलगा बऱ्या स्थितीतल्या कामगाराच्या मुलापेक्षा साडेतीन इंच बुटका आणि अकरा पौंडांनी हलका. एकाच शहरातली, एकाच देशातली मुलं.

आता माझी तक्रार. राउंट्रींनी गरिबीचा दुसरा प्रकारही मांडला, दुय्यम दारिद्र्य. पैसे हिशेबापुरते येतात, पण दारू, जुगार, कर्ज किंवा बेशिस्त घरखर्चात जातात आणि घर दिसायला गरीबच दिसतं. ही माणसं पाहणी करणाऱ्याने डोळ्यांनी बघून ठरवली. मुलं फिकट आहेत का, घर कळकट आहे का, शेजारी काय म्हणतात. प्राथमिक दारिद्र्यात शहरातले १० टक्के निघाले, तर या दुसऱ्या प्रकारात जवळजवळ १८ टक्के. दोन्ही मिळून २०,३०२ माणसं, शहराच्या सुमारे २८ टक्के. म्हणजे लंडन काही वेगळं नव्हतं. पण वाईट घरखर्च हे कारण यादीत आलं म्हटल्यावर बोट पुन्हा बाईकडेच जातं की नाही? राउंट्रींनी सावरून घेतलं आहे हे खरं. अशा घरात, अशा वस्तीत, अशा कामाच्या ओझ्याखाली माणूस दारूकडे वळला तर त्यात नवल काय, असा त्यांचा सूर आहे. तरीही उंबऱ्यात उभं राहून घराकडे बघून केलेली ही मोजणी मला खटकतेच. त्यांच्यावर टीका झाली ती मात्र उलट बाजूने. हेलन बोसँकेट या नावाजलेल्या समाजसेविकेने त्यांचे आकडे फुगवलेले आहेत असं म्हटलं. तिच्या मते गरिबाला पैशापेक्षा स्वभाव सुधारायची गरज होती. राउंट्रींनी तिला छापील उत्तर दिलं.

त्यांचं आणखी एक निरीक्षण मात्र शंभर नंबरी. मजुराच्या आयुष्यात गरिबी येते-जाते. लहानपणी तो गरीब, कारण भावंडं लहान आणि कमावता एकच. मुलं कमवायला लागली की घर जरा वर येतं. त्याचं लग्न होतं, दोन मुलं झाली की पुन्हा खाली. ती मुलं मोठी झाली की पुन्हा थोडं वर. आणि म्हातारपणी हातपाय थकले की कायमचं खाली. बाई गरोदर असते आणि मूल अंगावर पीत असतं, ते दिवस नेमके या चढ-उतारातल्या तळाशी पडतात, हे त्यांनी मुद्दाम दाखवून दिलं.

१९०१ हे साल आपल्यालाही ओळखीचं वाटायला हवं. याच वर्षी लंडनमध्ये दादाभाई नौरोजींचा भारतातल्या गरिबीवरचा प्रसिद्ध ग्रंथ छापला गेला. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवलेल्या दादाभाईंनी तर कितीतरी आधीच असाच हिशेब मांडला होता, तुरुंगातल्या कैद्याला जगवायला सरकार किती खर्च करतं त्याच्याशी सामान्य माणसाच्या उत्पन्नाची तुलना करून. एकाने कैद्याचं जेवण घेतलं, दुसऱ्याने वर्कहाऊसचं. राउंट्रींचा माणूस यॉर्कच्या गल्ल्यांतून फिरत होता त्या १८९९-१९०० मध्ये आपल्याकडे मुंबई इलाखा, वऱ्हाड, मध्य प्रांत दुष्काळाने होरपळत होते. श्रीमंत इंग्लंडच्या घरातली गरिबी आणि त्याच इंग्लंडच्या राज्यातली गरिबी, दोन्हींचे हिशेब एकाच वर्षी एकाच शहरातल्या पुस्तकांच्या दुकानात होते. पुढे १९७१ साली पुण्याच्या गोखले संस्थेतल्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी भारतातल्या गरिबीची जी गाजलेली मांडणी केली, तीही २,२५० उष्मांक मिळण्याइतका खर्च हीच मोजपट्टी धरून.

इंग्लंडमध्ये पुस्तकाने खळबळ उडवली. तरुण चर्चिलनी ते वाचलं आणि ते अस्वस्थ झाले. लॉईड जॉर्ज तर राउंट्रींचे पुढे मित्रच झाले. १९०८ साली सत्तरी ओलांडलेल्या गरीब म्हाताऱ्यांना आठवड्याला ५ शिलिंग पेन्शनचा कायदा झाला, १९११ साली आजारपण आणि बेकारीच्या विम्याचा. हे एकट्या राउंट्रींमुळे झालं असं नाही, पण संसदेत बोलणाऱ्यांच्या हातात आता आकडे होते.

स्वतःच्या कारखान्याकडेही त्यांनी पाहिलं. १९०६ पासून कामगारांना पेन्शन, १९१९ पासून आठवड्याला पाच दिवस आणि ४४ तास काम, १९२३ पासून नफ्यात वाटा. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांत बायका मोठ्या संख्येने कामाला आल्या, तेव्हा त्यांच्यासाठी जेवणाची सोय, विश्रांतीची खोली, त्यांची विचारपूस करणाऱ्या पर्यवेक्षिका, हे सगळं बघणाऱ्या सरकारी खात्याचे ते प्रमुख होते. युद्धाला विरोध असलेल्या पंथाचा माणूस या खात्यात काय करतो, असं काही क्वेकरांना वाटलं असेलच.

मला सगळ्यात जास्त आवडतं ते पुढचं. या माणसाने आपली रेषा पुसून पुन्हा आखली. १९३६ साली, वयाच्या पासष्टीला, त्यांनी यॉर्कची दुसऱ्यांदा पाहणी केली. या वेळी हिशेबात रेडिओ आला, वर्तमानपत्र आलं, पत्राचं तिकीट आलं, सुट्टी, भेटवस्तू, चिमूटभर तंबाखू आणि बिअरसुद्धा आली. दारू न पिणाऱ्या घरातल्या माणसाने बिअर हिशेबात धरली याचं मला कौतुक वाटतं. पाच जणांच्या घराला भाडं सोडून ४३ शिलिंग ६ पेनी, अशी नवी रेषा. तिच्याखाली यॉर्कमधल्या कामगारवर्गातले ३१ टक्के लोक निघाले. जुन्या कडक रेषेने मोजलं असतं तर फक्त ७ टक्क्यांच्या आसपास. तीच माणसं, तेच शहर. १८९९ मध्ये नगण्य असलेलं बेकारीचं कारण आता चौथ्या हिश्शाहून जास्त घरांना भोवत होतं.

मुलांसाठी सरकारने घरात थेट पैसे द्यावेत, असं ते १९१८ पासून म्हणत होते. दुसऱ्या महायुद्धात बेव्हरिजसाहेबांनी सामाजिक सुरक्षेची योजना आखली, तेव्हा जगायला किती लागतं हे सांगणाऱ्यांत राउंट्री होते. १९४५ साली दुसऱ्या मुलापासून पुढे प्रत्येक मुलामागे आठवड्याला ५ शिलिंग भत्त्याचा कायदा झाला. सरकारच्या मसुद्यात ते पैसे बापाला मिळणार होते. त्यासाठी आयुष्यभर झगडलेल्या खासदार एलिनॉर रॅथबोन आणि त्यांच्या साथीदारांनी आवाज उठवला आणि पैसे आईच्या हातात पडायला लागले. मुलाच्या बुटांसाठी दुपारचं जेवण सोडणाऱ्या त्या यॉर्कच्या बाईला हा फरक सांगायला नको.

१९५० साली तिसरी पाहणी. कामगारवर्गात गरीब उरले ३ टक्क्यांहूनही कमी, आणि त्यांतले बहुतेक म्हातारे. इंग्लंडात आनंदीआनंद झाला, गरिबी संपली असं लोक समजायला लागले. तो आनंद जरा घाईचा होता. पुढच्या संशोधकांनी तेच कागद पुन्हा तपासले तेव्हा आकडा जास्त निघाला. १९५४ साली पीटर टाउनसेंड या तरुण अभ्यासकाने तर राउंट्रींच्या पद्धतीवरच प्रश्न विचारला. आहारतज्ज्ञाने ठरवलेल्या यादीप्रमाणे कुठलं घर बाजार करतं? पुढे त्यांनी मांडलं, की आपल्या समाजात बाकीचे ज्या रीतीने राहतात तसं राहता येत नसेल तर तीही गरिबीच. पाहुण्याला जेवायला बोलावता येतं का, मुलाचा वाढदिवस करता येतो का, असं टाउनसेंड विचारायचे. मला वाटतं राउंट्री १९३६ सालीच त्या वाटेवर अर्धे पोचले होते.

पत्नी लिडिया १९४४ साली गेल्या. त्यानंतर राउंट्री हाय विकम गावाजवळच्या ह्यूएंडेन मॅनर या जुन्या वाड्याच्या एका भागात राहत. ७ ऑक्टोबर १९५४ रोजी, ८३ व्या वर्षी, तिथेच त्यांचं निधन झालं. शेवटपर्यंत लिहिणं चालूच होतं.

चॉकलेटची कंपनी १९८८ साली नेस्लेने विकत घेतली. पण वडील जोसेफ यांनी १९०४ साली काढलेल्या न्यासातून पुढे उभी राहिलेली जोसेफ राउंट्री फाउंडेशन ही संस्था आजही ब्रिटनमधली गरिबी मोजते. सगळ्यात टोकाच्या हलाखीसाठी तिने सहा गोष्टींची यादी केली आहे. डोक्यावर छप्पर, अन्न, घरात ऊब, घरात दिवा, हवामानाला साजेसे कपडे, आणि साबण-टूथपेस्टसारख्या अंगस्वच्छतेच्या वस्तू. परवडत नाही म्हणून महिन्याभरात यातल्या दोन किंवा जास्त गोष्टींना मुकावं लागलं तर तो माणूस या मोजणीत येतो. २०२३ सालच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये अशी ३८ लाख माणसं होती, त्यात सुमारे १० लाख मुलं.

याच संस्थेच्या मदतीने लफबरो विद्यापीठातले अभ्यासक २००८ पासून आणखी एक हिशेब करतात. साध्या लोकांचे, त्यात आयांचेही, गट बसवतात आणि त्यांनाच विचारतात, की माणसासारखं राहायला घरात काय काय हवं. तज्ज्ञ शेजारी बसून फक्त आकडेमोड करतात. गटातले लोक एकेका वस्तूवर वाद घालतात, ही हवी, ही नको, ही इतकी वर्षं टिकेल. त्यांनी ठरवलेल्या यादीत जेवणखाण, कपडे, भाडं तर आहेच, शिवाय इंटरनेट आहे, वर्षातून आठवडाभराची सुट्टी आहे, आणि वाढदिवसाच्या भेटवस्तूंसाठी वेगळे काढलेले थोडे पैसे आहेत.